क्यूआर कोड लावलाय पण स्कॅन होत नाही, किंवा स्कॅन होऊन काहीच उघडत नाही? कुठून तपासायला सुरुवात करायची

गोव्यातल्या फोंड्यात माझं डिझाइन आणि प्रिंटिंगचं दुकान आहे. मेन्यूकार्ड, टेबलावरचे स्टँड, होमस्टेचे बोर्ड, कोकमाच्या बाटलीची लेबलं, जत्रेतल्या स्टॉलचे फ्लेक्स, सगळं करतो, आणि गेली काही वर्षं यातल्या जवळजवळ प्रत्येक वस्तूच्या कोपऱ्यात एक क्यूआर कोड असतोच. मेन्यू बघायला, व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर द्यायला, गूगलवर रिव्ह्यू लिहायला, इन्स्टाग्रामवर फॉलो करायला. आणि ऑक्टोबर उजाडला, किनाऱ्यावरची तात्पुरती हॉटेलं म्हणजे शॅक परत उभे राहायला लागले की फोन सुरू होतात, "कोड चलना मरे", म्हणजे कोड चालत नाही. चवथीच्या आधी दुकानदारांचे, डिसेंबरात होमस्टेवाल्यांचे, पण तक्रार तीच. इतक्या वेळा तेच सांगून झालंय की म्हटलं एकदा नीट लिहूनच काढू.

एक गोष्ट आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. माझ्याकडे आलेल्या बहुतेक केसमध्ये तो काळा-पांढरा चौकोन ठणठणीत असतो. बिघाड त्याच्या मागे असतो, म्हणजे त्यात लिहिलेल्या लिंकमध्ये. लोक मात्र थेट "परत छापून द्या" म्हणत येतात, पैसे जातात, आणि नवा छापलेला कोडही तसाच बंद. म्हणून छपाईकडे शेवटी यायचं.

आधी लक्षणं बघा

"चालत नाही" या दोन शब्दांत सात-आठ वेगवेगळे आजार लपलेले असतात, तुमचा कुठला ते आधी ओळखा.

कॅमेरा समोर धरला तरी काहीच होत नाही, लिंकची पट्टी येतच नाही. किंवा कधी येते कधी नाही, दुपारी येते रात्री नाही, तुमच्या फोनवर येते गिऱ्हाइकाच्या फोनवर नाही.

पट्टी येते पण दाबल्यावर वेबसाइटच्या ऐवजी नुसता मजकूर दिसतो, किंवा गूगल सर्चच उघडतं.

उघडतं पण "हा कोड आता चालू नाही" असं लिहून येतं, किंवा "पान सापडलं नाही", किंवा लॉगिन करा, परवानगी मागा.

उघडतं, पण नुसतं गोल गोल फिरत राहतं, आणि गिऱ्हाईक कंटाळून वेटरला हाक मारतो.

उघडतं, पण भलतंच. मागच्या वर्षीचे दर, किंवा कुठली तरी जुगाराची साइट. हे शेवटचं दिसलं तर बाकीचं वाचत बसू नका, कोड लगेच झाका आणि खाली "इथे थांबा" लिहिलंय तिथे जा.

पेमेंट अ‍ॅप म्हणतं की हा कोड चुकीचा आहे.

आणि एक शेवटचं लक्षण, सगळं व्यवस्थित चालतं पण कोणी स्कॅनच करत नाही. तोही बिघाडच आहे, त्याच्यावर खाली लिहिलंय.

आता यांची दोन ढिगात वाटणी करा. लिंकची पट्टी फोनवर येतच नाही, तर दोष छपाईचा, जागेचा किंवा उजेडाचा. पट्टी येते आणि पुढे गडबड होते, तर कोड वाचला गेलाय, छपाईला हात लावू नका, दोष लिंकचा किंवा पानाचा. एवढं एक कळलं तरी निम्मं काम झालं, कारण चुकीच्या ढिगात शोधत बसलात तर आठवडा जाईल.

फुकटातलं, पाच मिनिटांचं

पहिलं म्हणजे पुसा. खरंच. टेबलावरच्या स्टँडवर हुमणाचा, म्हणजे माशाच्या कालवणाचा, तेलकट थर बसलेला असतो, समुद्राजवळ असाल तर खारट हवेचा पातळ पडदा असतो, आणि फोनच्या लेन्सवर बोटाचे ठसे. ओल्या फडक्याने आणि मग सुक्या फडक्याने पुसा, लेन्सही पुसा, मग बघा.

पुसतानाच नख फिरवून बघा की तुमच्या कोडवर दुसरं स्टिकर चिकटवलंय का. पेमेंटच्या कोडवर हा प्रकार होतो, वरून दुसऱ्याचा कोड लावायचा आणि पैसे तिकडे जायचे. कडेला जाडी लागली, रंग थोडा वेगळा वाटला तर तसंच सोडू नका.

दुसरं, गिऱ्हाईक कशाने स्कॅन करतोय ते बघा. आपल्याकडे लोकांना क्यूआर म्हटलं की पैसे भरायचंच आठवतं, २०१६ मध्ये यूपीआय आलं तेव्हापासून पानवाल्यापासून पोदेरापर्यंत, म्हणजे पाववाल्यापर्यंत, सगळीकडे तोच चौकोन. मग तुमच्या मेन्यूचा कोड दिसला की माणूस सवयीने पेमेंट अ‍ॅप उघडतो, आणि ते अ‍ॅप यूपीआयचा पत्ता शोधतं, तो नसतो, म्हणून म्हणतं कोड चुकीचा. कोड चुकीचा नाही, दार चुकीचं. यावर उपाय एका ओळीचा आहे, कोडच्या वर मोठ्या अक्षरात लिहा "मेन्यूसाठी, फोनच्या कॅमेऱ्याने स्कॅन करा". आणि पेमेंटचा कोड आणि मेन्यूचा कोड शेजारी-शेजारी ठेवूच नका, फोन दोन्हीतला कुठलाही पकडतो. एक गल्ल्यावर, एक टेबलावर.

आयफोनला २०१७ च्या आयओएस ११ पासून साध्या कॅमेऱ्यातच क्यूआर वाचता येतो. अँड्रॉइडमध्ये बहुतेक नव्या फोनना येतो, पण जुन्या स्वस्त फोनवर कधी सेटिंग बंद असते तर कधी सोयच नसते, तिथे गूगल लेन्सने वाचता येतं. हे वेटरला शिकवून ठेवा, कारण गिऱ्हाईक तुम्हाला फोन करणार नाही, वेटरलाच विचारणार.

तिसरी तपासणी फुकट आहे, पण लोक ती करत नाहीत आणि मग फसतात. दुसऱ्याच्या फोनवर बघा. दुकानाचं वायफाय बंद, सिमच्या डेटावर, आणि शक्यतो ब्राउझरच्या इन्कॉग्निटो खिडकीत. का, तर तुमच्या फोनवर तुम्ही आधीच लॉगिन आहात, ते पान आधी उघडलेलं असल्यामुळे साठवून ठेवलेलं आहे, आणि ती फाइल तुमच्याच खात्यातली आहे. तुमच्या फोनवर सगळं सुरळीत दिसणारच. काणकोणच्या एका होमस्टेवाल्या ताईंनी रूमचे फोटो आणि दर असलेली पीडीएफ गूगल ड्राइव्हवर टाकून तिचा कोड केला होता, त्यांच्या फोनवर एका सेकंदात उघडायची, आणि पाहुण्यांना मात्र "परवानगी मागा" असं येत होतं. अख्खा डिसेंबर तसाच गेला. त्यांच्या ईमेलमध्ये परवानगी मागणारे कितीतरी मेल पडून होते, त्या मेल बघत नव्हत्या. ड्राइव्हमध्ये शेअरवर जाऊन "लिंक असलेला कोणीही" एवढं निवडलं आणि संपलं. कोड तोच राहिला, काही छापावं लागलं नाही. मला आजही वाईट वाटतं की त्यांनी मला पहिल्या आठवड्यात फोन केला नाही.

गूगल फॉर्म असेल तर तसंच, "एकच प्रतिसाद" ची सेटिंग चालू असली की ते लॉगिन मागतं. जेवून उठलेला माणूस पासवर्ड आठवत बसणार नाही.

लिंक वाचा, एकेक अक्षर

आता लिंक स्वतः डोळ्याने वाचायची. कॅमेऱ्यात पट्टी आली की दाबू नका, लांब दाबून कॉपी करा आणि नोट्समध्ये पेस्ट करा. तीन गोष्टी बघायच्या.

सुरुवातीला "एचटीटीपीएस" आणि त्यापुढचे दोन तिरपे दांडे आहेत का. ते नसले तर काही फोन त्याला लिंक मानतच नाहीत, साधा मजकूर समजतात, म्हणून सर्च उघडतं. मध्ये कुठे मोकळी जागा घुसलीय का, शेवटी पूर्णविराम चिकटलाय का. व्हॉट्सअ‍ॅपवरून लिंक कॉपी करताना असला कचरा हमखास येतो.

व्हॉट्सअ‍ॅपची लिंक असेल तर नंबर बघा. आधी ९१, मग थेट दहा आकडे. अधिकचं चिन्ह नको, मधे शून्य नको, डॅश नको. "नंबर व्हॉट्सअ‍ॅपवर नाही" असा मेसेज येतो त्याचं कारण जवळपास दर वेळी हेच असतं, कोणीतरी सवयीने शून्य लावलेला असतो.

आणि तिसरी, सगळ्यात महत्त्वाची. ती लिंक तुमच्या नावाची आहे की कुठल्या तरी परक्या छोट्या नावाची?

बहुतेक कोड इथेच मरतात

हे जरा सविस्तर सांगतो, कारण ऑक्टोबरातल्या फोनपैकी सगळ्यात जास्त याच एका कारणाचे असतात.

क्यूआर कोड दोन प्रकारचे. स्टॅटिक म्हणजे तुमची लिंक सरळ त्या ठिपक्यांमध्ये लिहिलेली. डायनॅमिक म्हणजे ठिपक्यांमध्ये कोड बनवणाऱ्या कंपनीची एक छोटी लिंक असते, गिऱ्हाईक आधी त्या कंपनीकडे जातो आणि ती कंपनी त्याला तुमच्या पानावर ढकलते. डायनॅमिकचे फायदे खरे आहेत, छापल्यावरही पान बदलता येतं, किती जणांनी स्कॅन केलं ते दिसतं. पण मधला माणूस तुमचा नाही. इंटरनेटवर "फ्री क्यूआर जनरेटर" शोधलं की वर येणाऱ्या पुष्कळ साइट तुम्हाला न विचारता डायनॅमिकच बनवून देतात, काही दिवस फुकट, आणि मुदत संपली की ढकलणं बंद. तोवर तुम्ही शंभर स्टँड छापलेले असतात. मग स्कॅन केलं की पाटी येते, कोड चालू ठेवायचा तर प्लॅन घ्या.

हरमलच्या एका शॅकवाल्याचं हेच झालं. मार्चमध्ये कोणा पोराने फोनवरच कोड बनवून दिला, दोन महिने झकास चालला, मे अखेर शॅक उतरवला, सामान बांधून ठेवलं, ऑक्टोबरात परत मांडलं तर सगळे कोड बंद. पोरगा आता दुबईला, खात्याचा ईमेल त्याचा, पासवर्ड त्यालाही आठवेना. सगळं नव्याने छापावं लागलं. त्याला वाटत होतं पावसात ओल लागून कोड खराब झाला, तो स्टँड मला दाखवायला घेऊन आला होता. स्टँड कोरा करकरीत होता.

इथे एक समजून घ्या म्हणजे कोणी फसवणार नाही. क्यूआर कोडला स्वतःची मुदत नसते. १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या टीमने हा बनवला, गाड्यांच्या कारखान्यात सुटे भाग मोजायला, कारण जुन्या बारकोडमध्ये वीसेक अक्षरंच मावायची आणि एका खोक्यावर अनेक बारकोड लावून कामगार स्कॅन करून करून थकायचे. पेटंट कंपनीकडे होतं, पण वापरणाऱ्यांकडून पैसे मागायचे नाहीत असं त्यांनी ठरवलं, म्हणून तर तो जगभर गेला. तेव्हा कोणी "कोडचं रिन्यूअल" म्हणून पैसे मागत असेल तर ते पैसे कोडचे नाहीत, मधल्या ढकलण्याचे आहेत, एवढं डोक्यात पक्कं ठेवा.

मोठ्या कंपनीची छोटी लिंक घेतली म्हणून निर्धास्त राहू नका. गूगलने लिंक छोटी करून द्यायची आपली सेवा २०१९ मध्ये नव्या लिंकांसाठी पूर्ण बंद केली, आणि फायरबेस डायनॅमिक लिंक्स ही आपली दुसरी लिंकची सेवा २५ ऑगस्ट २०२५ ला बंद केली. छापील कागद तुमच्या टेबलावर राहतो, सेवा मात्र निघून जाते.

उपाय काय? खात्याचं लॉगिन तुमच्याकडे असेल तर आत जाऊन बघा, कधीकधी नुसतं कार्ड बदलल्यामुळे पैसे कापले गेलेले नसतात. ते भरून कोड परत चालू होतो आणि छपाई वाचते, विशेषतः भरपूर माल छापलेला असेल तर मी हेच करायला सांगतो, भले वर्षभर पैसे द्यावे लागले तरी. लॉगिनच नसेल तर तो कोड गेला असं धरा.

आणि पुढच्या वेळेसाठी, स्वतःच्या नावाचं डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचा स्वतःचा पत्ता, घ्या. वर्षाला हजार रुपयांच्या आसपास खर्च येतो, एका दिवसाच्या फिश थाळ्यांच्या धंद्यापेक्षा कमीच. कोडमध्ये तुमच्या डोमेनचं पान लिहा, समजा नावापुढे नुसतं "मेन्यू". मग त्या पानावरून गिऱ्हाइकाला कुठे पाठवायचं ते तुम्ही ठरवा, आज पीडीएफ, उद्या व्हॉट्सअ‍ॅप कॅटलॉग, परवा इन्स्टा. डायनॅमिकचे फायदे मिळतात आणि किल्ली तुमच्या खिशात राहते. डोमेन मात्र मालकाच्या ईमेलवर नोंदवा, पोराच्या नाही, माझ्याही नाही. मी कोणाचंच डोमेन माझ्या नावावर घेत नाही, गिऱ्हाइकाने आग्रह केला तरी.

पान उघडतं पण फिरत राहतं

पट्टी येते, लिंक बरोबर, लॉगिन मागत नाही, तरी लोक सोडून देतात. पानाचं वजन बघा. मेन्यूची पीडीएफ प्रिंटसाठी बनवलेली असते, तीस-चाळीस एमबीची, तीच उचलून कोडला जोडतात. दुकानाच्या फायबरवर ती भुर्रकन येते. पण पाळोळ्याच्या किनाऱ्यावर संध्याकाळी सगळे एकाच टॉवरवर व्हिडिओ टाकत असतात, आणि केरी-सावईवेऱ्याच्या कुळागरात माडा-पोफळीच्या सावलीत रेंजची एक काडी. तिथे दोन एमबी पण जड जाते. पीडीएफ लहान करा, फुकट होतं. त्याहून चांगलं म्हणजे साधं वेबपान, नुसतं मजकुराचं, फोटो दोन-तीन. पीडीएफ फोनवर वाचायला बोटांनी मोठी करावी लागते, आणि मासळीचा दर रोज बदलतो, दर वेळी पीडीएफ कोण बदलणार.

जिथे रेंजच नाही तिथे पान कितीही हलकं करा, उघडणार नाही. तिथे एक वायफायचा कोड आधी लावा, मग मेन्यूचा. आणि वायफायचा पासवर्ड बदलला की तो कोड मेला हे लक्षात ठेवा, त्यात पासवर्ड आतच लिहिलेला असतो.

आता छपाई, कारण इथून पैसे लागतात

पट्टीच येत नसेल तरच हे वाचा.

कडेची मोकळी जागा आधी बघा. कोडच्या चारही बाजूंना त्याच्याच चार ठिपक्यांएवढी कोरी पट्टी लागते. ती नसली तर कॅमेऱ्याला चौकोन कुठे संपतो ते कळत नाही. डिझायनर मंडळी जागा वाचवायला कोड एकदम बॉर्डरला चिकटवतात किंवा काजूच्या पानांची नक्षी त्याच्या अंगावर आणतात. जुना स्टँड वाचवायचा असेल तर कोडचं वेगळं पांढऱ्या कडेचं स्टिकर छापून वरून लावा, वीस-पंचवीस रुपयांत भागतं.

मग रंग. गडद ठिपके, फिकी जमीन, बस. काळ्या पाटीवर सोनेरी किंवा पांढरा कोड फार सुंदर दिसतो आणि काही फोन तो वाचतच नाहीत, कारण त्यांना उलटा कोड ओळखता येत नाही. पिवळ्यावर केशरी, आकाशीवर निळा, असलं तर विसराच. शंका असेल तर कोडचा फोटो काढून ब्लॅक-अँड-व्हाइट करून बघा, तुमच्या डोळ्याला ठिपके उठून दिसले नाहीत तर कॅमेऱ्यालाही नाहीत.

मधोमध लोगो टाकायची हौस सगळ्यांना. कोडमध्ये थोडा भाग खराब झाला तरी वाचता यावा अशी सोय असते, चार पातळ्या आहेत, साधारण ७, १५, २५ आणि ३० टक्के. लोगो टाकायचा तर सगळ्यात वरची ३० ची पातळी निवडा आणि लोगो लहान ठेवा. सगळे ३० टक्के लोगोनेच खाल्ले तर ओरखडा, डाग, उजेडाची चमक यांच्यासाठी काही उरत नाही, म्हणून तो कोड दुकानात चालतो आणि शॅकमध्ये चालत नाही. आणि तीन कोपऱ्यांतल्या मोठ्या चौकोनांना कधीच हात लावू नका, कॅमेरा त्यांच्यावरूनच कोड शोधतो.

आता मराठीत मेसेज टाकणाऱ्यांसाठी खास. व्हॉट्सअ‍ॅपच्या कोडमध्ये आधीच लिहिलेला मेसेज ठेवता येतो, गिऱ्हाइकाने नुसतं पाठवा दाबायचं. नुसत्या नंबरची लिंक २६ अक्षरांची होते आणि मधल्या म्हणजे १५ टक्क्यांच्या पातळीवर २५ बाय २५ ठिपक्यांत बसते. त्यात "नमस्कार मला रूम हवी आहे" एवढं टाकलं की काय होतं बघा. देवनागरीचं एकेक चिन्ह, काना-मात्रा-हलन्त सगळी वेगळी धरून, लिंकमध्ये नऊ-नऊ अक्षरांचं होतं. एवढुशा वाक्याने लिंक २१५ अक्षरांवर जाते आणि कोड ६१ बाय ६१ होतो. तीन सेंटीमीटरच्या कोडमध्ये आधी एकेक ठिपका १.२ मिलिमीटरचा होता, तो अर्ध्या मिलिमीटरवर आला. लेबलवर शाई जरा पसरली की एक ठिपका दुसऱ्यात मिसळतो. मराठी मेसेज सोडा असं मी म्हणणार नाही, उलट तो हवाच, आपलं गिऱ्हाईक मराठीत बोलतं. पण मग कोडमध्ये तुमच्या डोमेनची छोटी लिंक ठेवा आणि ती लिंक त्या लांब व्हॉट्सअ‍ॅप लिंककडे वळवा. कोड परत सुटसुटीत होतो आणि मेसेजही मराठीतच राहतो. हे कळायला मला स्वतःला बरेच दिवस लागले, म्हणून इथे मुद्दाम लिहिलं.

आकार. साधा अंदाज असा, जेवढ्या लांबून स्कॅन करायचा त्याच्या एक दशांश तरी कोड हवा. टेबलावर फूटभर अंतरावरून तीन सेंटीमीटर चालतो, दारावरच्या बोर्डावर दोन मीटरवरून वीस सेंटीमीटर. हायवेवर ६६ नंबरला होर्डिंगवर कोड लावायला सांगणारे येतात, मी नको म्हणतो. गाडी चालवणाऱ्याने फोन काढून स्कॅन करावा असं आपण छापायचंच का? तेच पैसे फेरी धक्क्यावरच्या बोर्डाला द्या, तिथे माणसं फेरीबोटीची वाट बघत उभी असतात, हातात फोन असतोच.

फाइल कशी पाठवली तेही विचारा. कोड व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो, कडा धूसर होतात, मग प्रिंटरवाला तो ओढून मोठा करतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, आणि जनरेटरमधून पीडीएफ किंवा एसव्हीजी घ्या, कितीही मोठा केला तरी कडा धारदार राहतात. ओढताना लांबी-रुंदी सारखीच राहिली पाहिजे, चपटा झालेला कोड दगा देतो.

चकचकीत लॅमिनेशन आणि अ‍ॅक्रिलिक, रात्री ट्यूबलाइट बरोबर कोडवर उमटते. दिवसा चालतो रात्री नाही याचं कारण हेच. स्टँड थोडा तिरका करून बघा, फुकटात जमलं तर जमलं, नाहीतर पुढच्या वेळी मॅट लॅमिनेशन. मेणबत्तीच्या उजेडात जेवण देणाऱ्यांनी छोटा दिवा कोडवर सोडावा. बाटलीवर कोड गोलाईला वळता कामा नये, लहान ठेवा, कॅमेऱ्याला तिन्ही कोपरे एकदम दिसले पाहिजेत. आणि पावसाळा. जून ते सप्टेंबर कडेने पाणी शिरून लॅमिनेशन फुगतं, आत बुरशीचे काळे ठिपके येतात, ते कोडचे ठिपके नसतात हे कॅमेऱ्याला कसं कळणार. कागद कापताना लॅमिनेशन चारही बाजूंनी थोडं बाहेर सोडून घ्या.

सगळं चालतं, पण कोणी स्कॅन करत नाही

कोडखाली "स्कॅन मी" लिहिलेलं असतं. का स्कॅन करू? काय मिळेल ते लिहा. "आजची मासळी आणि दर", "दहा मिनिटांत रूमचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर", "आमच्या मानकुराद आंब्यांच्या पेट्या कधी येणार ते कळवतो". हे बदलल्याने जेवढा फरक पडताना मी बघितलाय तेवढा डिझाइन बदलून कधीच पडला नाही. एका पाटीवर एकच कोड ठेवा, पाच कोड दिसले की माणूस एकही घेत नाही. कुठून स्कॅन झालं ते कळायला टेबलाचा आणि दाराचा कोड वेगळा करा, दोन वेगळ्या पानांवर नेणारा. आणि रिव्ह्यूच्या कोडखाली "रिव्ह्यू द्या, डिस्काउंट घ्या" असं लिहू नका, गूगलच्या नियमात बसत नाही आणि रिव्ह्यू काढून टाकले जाऊ शकतात.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

कोड स्कॅन करून जुगाराची, लॉटरीची किंवा अनोळखी साइट उघडत असेल तर स्वतः काही दुरुस्त करू नका. कोड झाका, सगळ्या टेबलांवरचे. एकतर तुमची साइट हॅक झालीय किंवा डोमेन सुटून दुसऱ्याने घेतलंय, हे वेबसाइटवाल्याचं काम आहे.

"कनेक्शन सुरक्षित नाही" असा लाल इशारा येत असेल तर साइटच्या सुरक्षेच्या सर्टिफिकेटची मुदत संपलेली असू शकते, होस्टिंगवाल्याला, म्हणजे तुमची साइट ज्याच्या सर्व्हरवर आहे त्याला, त्याच दिवशी फोन करा. गिऱ्हाइकाला "पुढे जा दाबा" असं शिकवू नका. डोमेनची मुदत संपली असेल तर एक दिवसही घालवू नका, थोडे दिवस जुन्याच दरात परत मिळतं, मग दंड लागतो, मग ते कोणीही घेऊ शकतं.

पेमेंटच्या कोडवर परकं स्टिकर सापडलं तर फोटो काढा, स्टिकर जपून ठेवा, बँकेला कळवा, आणि पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा, जितक्या लवकर तितकं बरं. "पैसे मिळण्यासाठी हा कोड स्कॅन करून पिन टाका" असं कोणी सांगितलं तर तो चोर आहे, पैसे घ्यायला पिन लागत नाही.

आणि हजारोंच्या संख्येत लेबलं किंवा खोकी छापणार असाल तर घरच्या घरी ठरवू नका. छापखान्याकडून खऱ्या कागदावर, खऱ्या शाईत एक नमुना मागा, तो बाटलीवर चिकटवा, फ्रिजमध्ये ठेवून घाम येऊ द्या, तीन वेगवेगळ्या फोनवर स्कॅन करा, आणि मगच होकार द्या.

कोणालाही बोलवाल तेव्हा या गोष्टी हाताशी ठेवा: कोडचा समोरून काढलेला स्वच्छ फोटो, कॉपी केलेली पूर्ण लिंक, स्कॅन केल्यावर येणाऱ्या पाटीचा स्क्रीनशॉट, शेवटचा कधी चालला होता ती तारीख, आणि कोड कोणत्या साइटवर कोणाच्या ईमेलने बनवला ते. हे असलं तर माझ्यासारख्याचं काम पंधरा मिनिटांत होतं, नसलं तर अर्धा दिवस नुसतं विचारण्यातच जातो.